वायफाय द्यावे, पण कुठे आणि कोणत्या अटींवर?

नगरपालिकेने वायरलेस इंटरनेट पुरवणे म्हणजे खाजगी कंपन्यांच्या व्यवसायात ढवळाढवळ होय, हा आक्षेप मला अपुरा वाटतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने २००४ मध्ये संपूर्ण शहरभर वायफायचे जाळे पसरवण्याची योजना जाहीर केली आणि पुढे ते काम अर्थलिंक या खाजगी कंपनीकडे सोपवले. परंतु दिव्यांच्या खांबांवर बसवलेल्या उपकरणांच्या लहरी भिंती भेदून घरांत नीट पोहोचेनात, अंदाजापेक्षा अधिक उपकरणे लागू लागली, वर्गणीदार अपेक्षेइतके मिळाले नाहीत आणि २००८ मध्ये कंपनीने अंग काढून घेतले. म्हणजे बुडालेला हा प्रयोग निव्वळ सरकारी नव्हताच. याउलट अमेरिकेतल्याच चॅटनूगा शहरामध्ये शहराच्याच मालकीच्या वीज कंपनीने घरोघरी फायबर, म्हणजे इंटरनेटची प्रकाशतंतूंची तार, नेऊन २०१० मध्ये सेकंदाला एक गिगाबिट इतक्या प्रचंड वेगाची सेवा सुरू केली.

तेव्हा घराघरांत वायफाय पोहोचवण्याच्या फंदात स्थानिक संस्थेने पडू नये. वाचनालये, उद्याने, आरोग्य केंद्रे अशा ठिकाणी मात्र ते जरूर द्यावे. युरोपीय आयोगाच्या ‘वायफाय-फॉर-ईयू’ योजनेत उपकरणे व उभारणीसाठी पालिकांना प्रत्येकी १५,००० युरो मिळत, मात्र जोडणीचे शुल्क आणि देखभाल किमान तीन वर्षे त्यांनीच सांभाळायची होती. ही अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण फीत कापायला सगळेच हजर असतात, पण बंद पडलेला राउटर बदलण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद क्वचितच आढळते.