मदत हवी आहे: ती समोर आली की मी दुसराच कुणीतरी होतो

गोगलगाय: लवकर उत्तर हवंय, शुक्रवारपर्यंतच वेळ आहे. ती समोर आली की माझं काहीतरी बिघडतं. मित्रांसारखा मोठमोठ्यानं हसतो, ऐकूही न आलेल्या विनोदाला. घरी आलो की स्वतःचाच राग येतो. 'आत्मविश्वास ठेव' असलं काही सांगू नका. काय करू?

चष्मा_पुसून: ती म्हणजे कोण? तुला ओळखते तरी का? आणि शुक्रवारी काय आहे?

गोगलगाय: वर्गातलीच हो. प्रयोगशाळेत एकाच टेबलावर असतो. शुक्रवारी मधल्या सुट्टीत खेळायचंय.

जुना_जाणता: मीही असाच बुजरा होतो. पहाटे धावायला लागलो, सहा महिन्यांत माणसांत आलो. धावायला लाग.

चष्मा_पुसून: काका, शुक्रवार तीन दिवसांवर आहे. काय खेळायचंय रे?

गोगलगाय: बुद्धिबळ. तिनं विचारलं, येतं का. मी म्हणालो, येतं की, रोज खेळतो. येत नाही.

अडीच_घरं: हे आधी सांगायचंस! घोडा अडीच घरं, उंट तिरका, हत्ती सरळ. राजासमोरचं प्यादं दोन घरं टाक, घोडे-उंट बाहेर काढ, मग कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल. वजीर लगेच नाचवू नकोस. तीन दिवसांत नीट हरण्याइतपत येईल.

दुपारची_झोप: म्हणजे थाप निभावायला शिकवताय त्याला.

अडीच_घरं: शिकला तर थाप कुठे उरली?

दुपारची_झोप: 'रोज खेळतो' म्हणालाय तो. चौथ्या चालीला कळेल तिला.

टाचणी: मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी पाहिला असेल. पाहिला होता साधारण पाव जणांनीच. आपल्याकडे वाटतं तेवढं कुणी बघत नसतं.

दुपारची_झोप: इथे टी-शर्ट कुणी घातलाय?

चष्मा_पुसून: भांडा तुम्ही. गोगलगाय, तुला स्वतःला काय आवडतं ते सांग.

गोगलगाय: ओरिगामी. मागच्या आठवड्यात निरीक्षणांच्या कागदाचा बगळा करत होतो, टेबलाखाली. फक्त चोच दुमडायची राहिली होती. ती वाकून म्हणाली, काय करतोयस? मी तो चुरगाळून खिशात कोंबला. म्हटलं, काही नाही, टाइमपास.

जुना_जाणता: कागद वाया घालवू नये.

चष्मा_पुसून: अरे, तिनं स्वतःहून विचारलं होतं! आणि तू बगळा कोंबलास आणि बुद्धिबळ पुढे केलंस. बुद्धिबळाचं आजच सांगून टाक. समोर जीभ वळत नसेल तर लिहून पाठव. एका ओळीत, सॉरीचा पाढा नको. बगळ्याचं तुझं तू बघ.

दुपारची_झोप: पहिल्यांदाच कुणीतरी बरं बोललं.

गोगलगाय: पाठवलं. 'मला बुद्धिबळ येत नाही, उगाच म्हणालो.' उत्तर आलंय: 'माहितेय. उंटाला हत्ती म्हणाला होतास.' आता काय लिहू?? लवकर सांगा, ऑनलाइन आहे ती.

अडीच_घरं: तरी मी म्हणत होतो, आधी मोहरे शिक.