मदत हवी आहे: २ जीबी रॅमवर वेबलेट, रिपॉझिटरी जोडताना सेलरी मरतंय

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण एका ओपन सोर्स ॲपचं मराठी भाषांतर करतोय. पीओ फाइल (मूळ वाक्यं आणि त्यांची भाषांतरं असलेली फाइल) ईमेलवर फिरायची आणि दोघांनी एकदम हात घातला की कुणाचं तरी काम पुसलं जायचं, म्हणून स्वतःच्या सर्व्हरवर वेबलेट (ब्राउझरमध्ये मिळून भाषांतर करायचं सॉफ्टवेअर) टाकायचं ठरलं. सर्व्हर भाड्याचा, उबुंटू २४.०४, एक कोअर, २ जीबी रॅम, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) नाही.

डॉकर कंपोजने (अनेक कंटेनर एकत्र चालवायचं साधन) टाकलंय, पोस्टग्रेस डेटाबेस आणि रेडिस कॅशे त्यातच येतं, पुढे इंजिनएक्स वेब सर्व्हर. लॉगिनला सीएसआरएफचा (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय का याची सुरक्षा तपासणी) एरर यायचा, तो ओव्हरराइड फाइलमध्ये डोमेन नीट देऊन एचटीटीपीएसचं सेटिंग १ केल्यावर गेला, कुणी तिथे अडकलं असेल तर आधी तेच बघा.

आता खरी अडचण. गिट रिपॉझिटरी देऊन कंपोनंट (वेबलेटमध्ये भाषांतराच्या फाइलींचा एक गट) जोडला की प्रोग्रेस बार थोडा सरकतो आणि तिथेच राहतो. कंटेनर चालू दिसतो पण लॉगमध्ये सेलरीचा (वेबलेटची मागे चालणारी कामं करणारा भाग) वर्कर सिग्नल ९ ने मेला, म्हणजे सक्तीने बंद केला गेला, असं येतं, आणि डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) आउट ऑफ मेमरी. डॉक्युमेंटेशनमध्ये कमीत कमी ३ जीबी आणि २ कोअर लिहिलंय हे वाचलंय, पण मोठा प्लॅन घ्यायचा तर वर्गणी वाढणार आणि ग्रुपमध्ये बरेचसे विद्यार्थी आहेत, त्यांच्यावर तो भार नकोय. एका वेळी चार-पाच जणच काम करतात, एवढ्यासाठी २ जीबीत भागवता येईल का?

प्रतिसाद: भागेल, थोडं हळू चालेल. आधी ४ जीबीची स्वॅप फाइल करा, परमिशन ६००, आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय जोडायचं याची सिस्टिमची फाइल) ओळ टाका नाहीतर रीबूटनंतर स्वॅप गायब. मग एन्व्हायर्नमेंटमध्ये सेलरी सिंगल प्रोसेस = १ द्या (नाव सगळं कॅपिटलमध्ये, शब्दांमध्ये अंडरस्कोर), म्हणजे सेलरीच्या वेगवेगळ्या रांगांसाठी वेगळे प्रोसेस न उघडता एकच चालतो, रॅम तिथेच वाचते. आणि हे बदलल्यावर नुसतं रीस्टार्ट करू नका, त्याने नवीन व्हेरिएबल कंटेनरला मिळत नाही, कंपोज अप परत द्या.

धागाकर्ता: खूप आभार! स्वॅप आणि सिंगल प्रोसेस दोन्ही केलं, कंपोनंट जोडला गेला, सगळ्या स्ट्रिंग दिसतायत. आता एकच विचारायचंय, पुढे मोठ्या सर्व्हरवर जायची वेळ आली तर पोस्टग्रेसचा डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) आणि वेबलेटचा डेटा व्हॉल्यूम एवढं नेलं की पुरेल ना? कुणी केलं असेल तर क्रम सांगा, लोकांचं केलेलं भाषांतर जायला नको.