मदत हवी आहे: एमपीएचला (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) एपिडेमिऑलॉजी घेऊ की आरोग्य धोरण?

नमस्कार मंडळी. नर्सिंगची पदवी घेऊन चार वर्षं वॉर्डात काढली. मध्यंतरी एकाच वस्तीतली पाच लेकरं आठवडाभरात जुलाबाने दाखल झाली. सलाईन लावता लावता डोक्यात एकच, यांच्या पाण्याकडे कोण बघतंय? १८५४ साली लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो कॉलऱ्याच्या रुग्णांची घरं शोधत ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपापर्यंत पोचला, तसलं काम करायचंय.

म्हणून एपिडेमिऑलॉजीकडे, म्हणजे रोग कुणाला, कुठे आणि का होतात ते शोधणाऱ्या शास्त्राकडे ओढा आहे. पण बायोस्टॅटिस्टिक्सची, म्हणजे त्यातल्या संख्याशास्त्राची धास्ती वाटते. शाळा सुटल्यापासून गणिताला हात लावलेला नाही. 'रिग्रेशन' वाचलं की पान उलटते! आधी 'आर' (आकडेवारीसाठीची संगणकभाषा) शिकून घेऊ का, की कोर्समध्ये पायापासून शिकवतात?

दुसरं, एमपीएच की एमएससी? एमपीएच प्रत्यक्ष कामासाठी आणि एमएससी संशोधनासाठी, एवढं ढोबळ कळतं. पुढे पीएचडी करावीशी वाटली तर एमपीएचला प्रबंध केलेला नसेल तर त्याचा त्रास होतो का?

आणि साथ नसते तेव्हा एपिडेमिऑलॉजिस्टचा दिवस नेमका कसा जातो? सगळा वेळ एक्सेलसमोरच जाणार असेल तर वॉर्डच बरा. नर्सिंगमधून इकडे आलेल्या कुणी असाल तर जरूर सांगा.