मिडसाइज सेडान घेताय? बेस, मधलं की टॉप, माझं मत मांडतो, खोडून काढा

रात्रपाळी

मंडळी, नवीन सेडान घ्यायचं ठरलंय, गाडी कुठली तेही जवळपास पक्कं आहे, अडलंय ते व्हेरियंटवर. चार व्हेरियंट आहेत आणि गेले तीन आठवडे ब्रोशर पुढ्यात घेऊन घरात रोज तीच चर्चा. त्यातून माझं एक मत झालंय, पटत नसेल तर बिनधास्त बोला, त्यासाठीच धागा काढलाय.

आपण सगळे व्हेरियंट एखाद्या जिन्यासारखे बघतो, एक पायरी वर चढलं की सगळंच थोडं सुधारणार अशी समजूत. तसं होत नाही. काही गोष्टी वर जाताना सुधारतात, काही नुसत्या चकाकतात, आणि काही चक्क बिघडतात. म्हणून मी ब्रोशरमधल्या त्या पन्नास टिकमार्कांतल्या फक्त अशाच गोष्टी बघायच्या ठरवल्यात ज्या नंतर बाहेरून नीट बसवता येत नाहीत. हेडलाइट, एअरबॅगा, मागचे ब्रेक ड्रम आहेत की डिस्क, ड्रायव्हर सीट वरखाली होते का, कमरेला आधार आहे का, स्टिअरिंग नुसतं वरखाली होतं की पुढेमागेपण. ह्यात ज्या व्हेरियंटला सगळं मिळतं तिथे थांबायचं, माझ्या गाडीत ते मधलं आहे, त्याच्यावर एक पैसा जास्त नाही.

हे डोक्यात का बसलं ते सांगतो. मागची गाडी घेताना टेस्ट ड्राइव्ह दिली ती टॉप मॉडेलची, दुपारच्या उन्हात. बुकिंग केलं खालून दुसऱ्याचं. गाडी घरी आली, पहिल्याच रात्री कामावर निघालो आणि रस्ता दिसेना, कारण टेस्टच्या गाडीला एलईडी होते आणि माझ्या गाडीला साधे हॅलोजन, आणि हा फरक ना मला कोणी सांगितला ना मी विचारला. सात वर्षं रात्रीची ड्यूटी त्याच पिवळट उजेडात केली. बल्ब बदलून बघितले, तर समोरचे लोक डिपर मारायला लागले, कारण रिफ्लेक्टर त्या बल्बसाठी बनलेलाच नसतो, उजेड नको तिथे फाकतो.

हे फक्त माझ्या नशिबी आलं असंही नाही. अमेरिकेत आयआयएचएस म्हणून संस्था आहे, विमा कंपन्यांच्या पैशावर चालते आणि गाड्या आपटून तपासते. त्यांनी २०१६ साली पहिल्यांदा हेडलाइटना रेटिंग दिलं आणि सुरुवातच मिडसाइज गाड्यांपासून केली. ३१ गाड्या, आणि त्यांच्या निरनिराळ्या व्हेरियंटचे मिळून ८२ प्रकारचे हेडलाइट. त्यात 'चांगलं' हे रेटिंग मिळालं एकाच गाडीला, टोयोटा प्रियस व्ही, तेसुद्धा तिच्या वरच्या पॅकेजमधल्या एलईडींना. तीच गाडी हॅलोजनवर घेतली तर रेटिंग थेट 'वाईट'. गाडी एक, नाव एक, आणि रात्री दोन वेगळ्या गाड्या!

टॉपचीच_घेते

तुमचा हेडलाइटचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण मग त्यातून तुम्ही टॉप घ्या असंच निघतं ना? मधल्यावर का थांबताय?

मी दोन गाड्या घेतल्या, दोन्ही वेळा टॉप, आणि एकदाही पस्तावले नाही. गाडी दहा वर्षं वापरायची असेल तर मधल्यातला आणि टॉपमधला फरक दहा वर्षांवर पसरा, महिन्याला काय येतो तो आकडा बघा आणि मग बोला. सगळ्यात मोठी रक्कम तर आपण गाडीसाठी आधीच मोजलेली असते, हत्ती गेला आणि शेपटासाठी का अडायचं. आणि सनरूफ, लेदर हे सोडून द्या, मी ज्यासाठी टॉप घेते ते म्हणजे आपोआप लागणारा ब्रेक आणि ब्लाइंड स्पॉटची, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूला गाडी असल्याची सूचना, जे बऱ्याच गाड्यांत वरच्याच व्हेरियंटला असतं. तुम्ही ज्या संस्थेचं नाव घेतलंत त्यांचेच आकडे आहेत, ऑटो ब्रेकमुळे पुढच्या गाडीला मागून धडकण्याचे अपघात निम्म्यावर आले, ब्लाइंड स्पॉटच्या सूचनेने लेन बदलतानाचे १४ टक्के कमी झाले. हे बाहेरून बसवता येतं का? नाही. म्हणजे तुमच्याच नियमाने टॉप.

मला हे कागदावरचं वाटत नाही कारण एकदा माझा ब्रेक लागायच्या आधी गाडीने लावलाय. मागे मुलगी झोपली होती. त्या दिवसानंतर कोणी 'टॉप म्हणजे उधळपट्टी' म्हटलं की मला सहन होत नाही, खरंच.

गॅरेजकडून

ताई, मुलगी सुखरूप राहिली हे सगळ्यात महत्त्वाचं, त्यावर वाद नाही. पण बावीस वर्षं गाड्या खोलतोय, म्हणून दुसरी बाजू सांगतो, ती शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

गाडीत जेवढं जास्त तेवढं बिघडायला जास्त. सनरूफ बघा, चारी कोपऱ्यांतून पाणी जायला नळ्या असतात, त्या खांबांच्या आतून खाली उतरतात, पाल्याने आणि धुळीने तुंबतात आणि मग पाणी छताच्या कापडात नाहीतर पायाखालच्या गालिच्यात. गिऱ्हाईक म्हणतं दार गळतंय, तीन वेळा दाराची रबरं बदलून झालेली असतात. एलईडी हेडलाइट उत्तमच, पण बहुतेक सीलबंद येतात, एक कोपरा फुटला किंवा आतलं वीज पुरवणारं सर्किट गेलं की अख्खं युनिट बदला, हॅलोजनचा बल्ब तुम्ही रस्त्याकडेला उभं राहून बदलाल. ऑटो ब्रेकचा कॅमेरा पुढच्या काचेला असतो, काच तडकली तर नुसती काच बदलून भागत नाही, कॅमेरा परत कॅलिब्रेट करावा लागतो, न करता कोणी गाडी हातात दिली तर तो कॅमेरा चुकीच्या जागी बघत बसतो.

आणि टायर. ह्यावर कोणीच बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. खालच्या व्हेरियंटला समजा २०५/६५ आर १६ आहे आणि वरच्याला २३५/४५ आर १८ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रबराची उंची रुंदीच्या टक्क्यांत, तिसरा रिम इंचांत). बाहेरून चाक जवळपास तेवढंच, ६७ सेंटीमीटरच्या आसपास. पण रबराची भिंत पहिल्यात १३३ मिलिमीटर, दुसऱ्यात १०६. म्हणजे खड्ड्याचा दणका खाणारं रबर २७ मिलिमीटरने कमी झालं, आणि तो दणका मग रिमला आणि तुमच्या पाठीला. वाकलेली अ‍ॅलॉय माझ्याकडे येतात ती जास्त करून मोठ्या रिमचीच. फोटोत मोठं चाक छान दिसतं ह्यात शंका नाही. पण तुमच्याकडचे रस्ते वाईट असतील तर लहान रिमचं व्हेरियंट ही खालची पायरी समजू नका, आरामात तीच गाडी वरची.

म्हणून माझा सल्ला, एअरबॅगा आणि ब्रेक पूर्ण असतील तर बेस किंवा त्याच्या वरचं घ्या, उरलेले पैसे चांगल्या टायरांना आणि वेळच्या सर्व्हिसिंगला ठेवा.

रात्रपाळी

टायरचं गणित मनापासून आवडलं, हेच म्हणत होतो की वर जाताना काही गोष्टी बिघडतात. मायलेजचंही तसंच आहे. २०१८ च्या टोयोटा कॅमरी हायब्रिडचे (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी) अमेरिकेतले सरकारी आकडे बघा, एलई ह्या खालच्या व्हेरियंटला एकत्रित ५२ मैल प्रति गॅलन, आणि एसई आणि एक्सएलई ह्या वरच्या दोघांना ४६. इंजिन तेच! पण बॅटरीसुद्धा वेगळी होती, खालच्याला लिथियम-आयन आणि वरच्या दोघांना निकेल-मेटल हायड्राइड. आता सांगा, 'वरचं म्हणजे चांगलं' समजून डोळे मिटून एक्सएलई उचलणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल.

ताई, ऑटो ब्रेकवर मात्र मी अडकलोय हे कबूल करतो. माझ्या यादीत तो नव्हता आणि असायला हवा होता. पण मी बघतोय त्या गाडीत तो फक्त टॉपला आहे आणि त्याच्याबरोबर सनरूफ, १८ इंची चाकं, सुगंध सोडणारी डबी असं सगळं गळ्यात येतं. मला ब्रेक हवाय हो, डबी नकोय.

मागच्या_सीटवरून

सगळे ड्रायव्हरच्या सीटवरून बोलताय म्हणून लिहिते. सेडान लोक घेतात ती मागे ऐसपैस बसायला मिळतं म्हणून ना? मग व्हेरियंट ठरवताना मागे कोण बसणार हे कोणीच विचारलं नाही.

सनरूफची चौकट छतात इंच-दीड इंच तरी खाते. माझा नवरा सहा फुटाच्या वर आहे, सनरूफ नसलेल्या व्हेरियंटमध्ये मागे ताठ बसतो, त्याच गाडीच्या सनरूफवाल्यात केस छताला घासतात. आणि बेसमध्ये काय कापतात ते बघा, मागचे एसी व्हेंट, मधला हातरेस्ट, काही गाड्यांत मागच्या सीटचे वरखाली होणारे हेडरेस्ट. हेडरेस्ट ही चैनीची गोष्ट नाही, मागून धडक बसली तर मान वाचवायला ते असतं. माझ्या सासूबाईंना मानेचा त्रास आहे, त्यांना दोन तास मागे बसवून बघितलं तेव्हा आमचं मधलं व्हेरियंट ठरलं, कुठल्याही यादीशिवाय.

त्यामुळे 'नंतर बसवता येत नाही' हा नियम मला अपुरा वाटतो. आरामही नंतर बसवता येत नाही.

टॉपचीच_घेते

गॅरेजवाले दादा, तुमच्या अनुभवाचा आदर आहे पण तुमच्याकडे बिघडलेल्याच गाड्या येतात, न बिघडलेली सनरूफ तुम्हाला दिसणारच नाही. माझी नऊ वर्षं उघडबंद होतेय, वर्षातून एकदा नळ्या साफ करून घेते. 'बिघडेल म्हणून घेऊ नका' हे सगळ्यालाच लागू होतं, मग पॉवर स्टिअरिंगपण नको.

आणि काच बदलल्यावर कॅलिब्रेशन लागतं म्हणून ऑटो ब्रेक सोडायचा, हे मला अजिबात पटत नाही. काच कितीदा तडकते आणि माणूस कितीदा दचकून उशिरा ब्रेक मारतो, तुम्हीच तुलना करा.

गॅरेजकडून

बिघडलेल्याच गाड्या बघतो हे खरं, मान्य. सनरूफवर मी जरा जोरात बोललो. ऑटो ब्रेक सोडा असं मात्र मी म्हणालो नाही, त्याचा खर्च आधी धरा एवढंच म्हणतोय. माझा राग त्या गाठोड्यावर आहे. जीव वाचवणारी वस्तू सुगंधाच्या डबीबरोबर बांधून विकतात ही गोष्टच चुकीची आहे, ज्याच्याकडे बेसपुरतेच पैसे आहेत त्याच्या मुलांची मान काय वेगळ्या मातीची असते का?

चार_वर्षांनी_बदलणारा

थोडक्यात माझं. सगळे दहा वर्षांचा हिशोब करताय, मी चार वर्षांत गाडी विकतो. जुनी गाडी घेणारा मॉडेल, वर्ष, किलोमीटर, ऑटोमॅटिक आहे का एवढं आधी बघतो, टॉपसाठी भरलेल्या जास्तीच्या पैशातले थोडेच परत येतात. पण अगदी बेसही लवकर जात नाही, गिऱ्हाईक 'ह्यात हे पण नाही?' म्हणून भाव पाडतं. लवकर विकणार असाल तर मधलं, जास्त विचार नको.

नियम_वाचणारी

गॅरेजवाल्या दादांनी शेवटी जे लिहिलंय ते खरं तर ह्या धाग्याचं मूळ आहे असं मला वाटतं. सुरक्षेची गोष्ट व्हेरियंटवर ठरावीच का? आणि हे अशक्य नाहीये. युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ऑटो ब्रेक सक्तीचा आहे. अमेरिकेत मे २०१८ पासून रिव्हर्स कॅमेरा सगळ्या नव्या गाड्यांना, त्याआधी तो वरच्या व्हेरियंटचं आमिष होता. म्हणजे कायदा आला की गाठोडं सुटतं.

तोपर्यंत एक करा. स्टार रेटिंग बघताना नुसते तारे मोजू नका, चाचणीला कुठलं व्हेरियंट होतं आणि ते तारे कशाला दिलेत ते वाचा. युरो एनकॅप ही युरोपातली गाड्यांची सुरक्षा तपासणारी संस्था रेटिंग देते ते सगळ्यांना मिळणाऱ्या स्टँडर्ड सामानावर, जादा सेफ्टी पॅकचं असेल तर वेगळं दाखवते. पण तीच गाडी दुसऱ्या देशात कमी सामान घालून विकली तर ते तारे तुमच्या गाडीचे नाहीत. आणि धागाकर्त्याला सांगते, सेल्समनच्या तोंडी 'मिळेल सर' वर जाऊ नका, ब्रोशरच्या तळाशी बारीक अक्षरात कुठल्या व्हेरियंटला काय ते असतं, त्यावर बोट ठेवून विचारा आणि बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार, मत पुरतं बदललं नाही पण हललं नक्की. बेस बाद केलाय, हेडरेस्ट आणि हेडलाइट दोन्हीमुळे. आता मधलं की टॉप एवढंच उरलंय, आणि खरं सांगायचं तर ताईंनी मुलीचं लिहिल्यापासून टॉपकडे झुकतोय, जे मला धागा काढताना अजिबात वाटलं नव्हतं. फक्त ती १८ इंची चाकं सलतायत.

शोरूमला फोन करून सांगितलंय, दोन्ही व्हेरियंटच्या गाड्या हव्यात आणि अंधार पडल्यावर हव्यात. आधी म्हणाले संध्याकाळी टेस्ट ड्राइव्ह देत नाही, मग म्हटलं बुकिंगपण देत नाही, तेव्हा शनिवारी साडेसातला या म्हणाले. आईला घेऊन जाणार आहे, ती मागे बसेल.

गॅरेजकडून

उत्तम. टॉपला १६ किंवा १७ ची रिम तुमच्या गाडीत कंपनीकडून बसवून मिळते का ते तिथेच विचारा, खालच्या व्हेरियंटची रिम वरच्याला बसते का हे ब्रेकच्या कॅलिपरवर (चाकाच्या आत डिस्क पकडणारा भाग) असतं, अंदाजाने बाहेरून घेऊ नका. आणि डिकीतला गालिचा उचलून बघा स्टेपनी पूर्ण मापाची आहे, लहान आहे की नुसती पंक्चरची बाटली ठेवलीये. ते कधी कधी व्हेरियंटप्रमाणे बदलतं आणि रात्री दोन वाजता कळतं.

मागच्या_सीटवरून

आणि आईंना पाच मिनिटं नको, निदान अर्धा तास बसवा. पाच मिनिटांत सगळ्याच सीट चांगल्या वाटतात.