मदत हवी आहे: घरातला हातमाग लोकांना बघायला खुला करायचाय, कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

मी परळला राहते. आमच्या हॉलमध्ये माझा हातमाग आहे. ३६ इंची, सागवानी, चार पावड्यांचा, म्हणजे पायाने दाबायच्या चार पट्ट्यांचा. मुंबईत माझ्यासारख्या विणणाऱ्या तीन मैत्रिणी आहेत, एक गिरगावात, एक पार्ल्यात, एक मुलुंडला. ७ ऑगस्टला हातमाग दिन असतो, त्याला धरून येणाऱ्या शनिवार-रविवारी आम्ही चौघींनी आपापली विणायची जागा लोकांसाठी खुली ठेवायची असं ठरवतोय. कुणीही यावं, बघावं, हवं ते विचारावं. विक्री झाली तर आनंदच आहे, पण तो हेतू नाही.

हेतू काय ते सांगते, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे यंत्रमागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होते. आमच्या चाळीत कापडाशी संबंध नाही असं एकही घर नव्हतं. कुणी साचेवाला, कुणी सूत कातायच्या त्रासणखात्यात, कुणाची आई सूत गुंडाळायच्या वाइंडिंगला. आज त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतली मुलं मला विचारतात, "मावशी, हे मशीन कशाचं?" कापड दोऱ्यांचं असतं एवढं त्यांना माहीत आहे, पण दोऱ्याचं कापड होतं कसं ते कुणी पाहिलेलं नाही. ते त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच.

मध्य प्रदेशात महेश्वरला गेले होते तेव्हा किल्ल्यात रेवा सोसायटी या विणकर संस्थेचे माग चालू असलेले पाहिले. पर्यटक बाजूला उभे राहून बघतात आणि विणणाऱ्या बायका आपलं काम करत राहतात. येवल्यातही पैठणी विणणाऱ्यांच्या घरात सहज जाता येतं. पण तिथे गावाला त्याची सवय आहे. आमच्याकडे चौथा मजला, दहा बाय बाराचा हॉल आणि त्यातली निम्मी जागा मागाची.

आता खरी अडचण. गेल्या दिवाळीत मी आमच्याच सोसायटीतल्या लोकांना फराळाला बोलावलं, म्हटलं याच निमित्ताने माग बघतील. पंचवीसेक माणसं एकदम आली. मागावर शालीचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवलेला होता, ३० इंच पन्हा, इंचाला २४ धागे, म्हणजे ७२०. यातला एकेक धागा आधी तो वर-खाली करणाऱ्या दोरीच्या डोळ्यातून ओवायचा, मग फणीतून, म्हणजे आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या दातांच्या पट्टीतून. मला चार संध्याकाळी लागल्या होत्या. मी चिवड्याच्या बश्या आणायला आत गेले आणि तेवढ्यात एका सहा वर्षांच्या मुलाने मागच्या बाजूने ताणलेल्या धाग्यांवर दोन्ही हातांनी रेलून पाहिलं. १९ धागे तुटले, शेजारचे ढिले पडले. पोराची काही चूक नाही, ते धागे दिसतातच असे की हात लावावासा वाटतो. सांधायला मला दोन दिवस लागले, पण तेही चालायचंच.

मला लागलं ते त्याच्या नंतरचं. मी घाबरून पुढचा तासभर येईल त्याला "हात लावू नका, हात लावू नका" म्हणत राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी आडवा धागा नेणारा धोटा हातात घेऊन अंगठ्याने त्याच्या आतली सुताची कांडी फिरवून बघत होत्या. माझं बोलणं ऐकून त्यांनी धोटा अलगद जागेवर ठेवला आणि हात पदराला पुसले. नंतर वडिलांकडून कळलं, आजी वाइंडिंगला होत्या. वीस वर्षं. ज्यांना हात लावायचा सगळ्यात जास्त हक्क त्यांनाच मी थांबवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला अजून ते पदराला पुसलेले हात आठवतात.

म्हणून "कृपया हात लावू नये" ही पाटी मला लावायचीच नाही. कापड हाताने कळतं. पण मागावरचं कामही वाचायला हवं. हे दोन्ही कसं साधावं? एका वेळी किती जणांना आत घ्यावं? सोसायटीला लेखी कळवावं का? फणी ठोकली की खालच्या घरात आवाज जातो, त्यांची समजूत कशी घालावी? आणि ऑगस्टचा पाऊस. ओल्या छत्र्या, चिखलाच्या चपला. मागच्या पावसाळ्यात आठ दिवस विणकाम बंद राहिलं तर माझ्या फणीला गंज धरला आणि पांढऱ्या कापडावर लांबच्या लांब तपकिरी रेघ उमटली. त्यामुळे दिवस पुढे ढकलावा का, असंही मनात येतं. पैसे घ्यावेत की नाही यावर आमच्या चौघींत एकमत नाही.

ज्यांनी घरात असं काही केलंय, किंवा नुसते कुठे बघायला गेला आहात, त्यांनी कृपया लिहा. बघायला गेल्यावर काय आवडलं नाही हेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होईल.

प्रतिसाद

ताई, मी आमच्या सोसायटीचा सहा वर्षं सचिव होतो. कमिटीला महिनाभर आधी साधा अर्ज द्या: दोन दिवस, अमुक वेळ, एका वेळी इतकी माणसं, जिन्यात गर्दी होणार नाही. बहुतेक भांडणं परवानगीवरून होत नाहीत, आधी सांगितलं नाही यावरून होतात. खालच्या घरच्यांना अर्जाच्या आधी स्वतः जाऊन भेटा आणि त्यांनाच पहिले पाहुणे करा. ज्या आवाजाचा त्रास होतो तो कशाचा आहे हे डोळ्यांनी बघितलं की माणूस निवळतो. मागाच्या चारही पायांखाली जाड रबर घालून बघा. आणि घरचा पत्ता जाहीर करू नका. नाव नोंदवणाऱ्यालाच आदल्या दिवशी व्हॉट्सॅपवर पाठवा. घरात तुमच्याखेरीज अजून दोन माणसं हवीतच.

प्रतिसाद

माझं माहेर येवल्याचं. आमच्याकडे माग पुढच्याच खोलीत असतो, त्यामुळे दार उघडं म्हणजे माग उघडा. एक सांगते, विणणाऱ्याने बोलायचं नाही. बोलणारा माणूस वेगळा ठेवा. दोन्ही एकाच माणसाने केलं की धागा चुकतो, आणि दर दोन मिनिटांनी माग थांबतो म्हणून बघणाऱ्यालाही काही कळत नाही. आमच्याकडे विणणारा मान वर करत नाही, घरातलं दुसरं कुणीतरी पदर उलटा करून दाखवतं. पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. तो एकदा उलटला की रंगागणिक वेगळी कांडी का लागते आणि एका पदराला महिने का जातात ते वेगळं सांगावं लागत नाही. तुम्हीही दाखवायला असं काहीतरी शोधा, जे उलटून बघता येईल.

प्रतिसाद

दिवस पुढे ढकलू नका. मी गिरणीत विणाई खात्यात सुपरवायझर होतो. सुती धागा दमट हवेत मजबूत होतो. आमच्या खात्यात मुद्दाम बारीक फवारे सोडून हवा दमट ठेवत, नाहीतर धागे तटातट तुटायचे. कापसाच्या गिरण्या मुंबईला मानवल्या त्यात इथल्या हवेचाही भाग होता. तेव्हा सूत असेल तर ऑगस्ट तुमच्या बाजूचाच आहे. फणी मात्र गंजणारच. काम बंद असेल तेव्हा कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि पुन्हा सुरू करण्याआधी नीट पुसून घ्या. जमलं तर स्टेनलेस स्टीलची फणी करून घ्या.

शिवाय ७ ऑगस्टला अर्थ आहे. १९०५ साली त्याच दिवशी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये स्वदेशीची हाक दिली गेली, म्हणून २०१५ पासून तो हातमाग दिन. हे येणाऱ्या मुलांना सांगता येईल.

प्रतिसाद

एक सूचना. लोक येऊन हमखास म्हणतील, "वा, खादी!" तुम्ही गिरणीचं सूत वापरत असाल तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. सूतही हाताने कातलेलं आणि कापडही हाताने विणलेलं, तरच खादी. गिरणीचं सूत हातमागावर विणलं तर ते हातमागाचं कापड, तेही काही कमी नाही. पण पाटीवर किंवा लेबलवर खादी शब्द घालू नका. खादी मार्कचे २०१३ चे नियम आहेत, त्या नावाने विकायला खादी आयोगाची मान्यता लागते.

आणि गिरगावातल्या मैत्रिणीच्या जवळच मामा परमानंद मार्गावर केंद्र सरकारचं विणकर सेवा केंद्र आहे. तिथे एकदा जाऊन बोला. त्यांचं कामच हातमागाचं आहे.

प्रतिसाद

मी एका हातमागाच्या ठिकाणी मुलीला घेऊन गेले होते. आवडलं नाही ते हे: सगळ्यांना मागावर बसवून फोटो काढून देत होते, पण पाय कुठे दाबायचा आणि का, हे कुणी सांगितलंच नाही. मुलगी घरी येऊन म्हणाली, मला विणता येतं. तिला येत नव्हतं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. चौघी बसून तुमचे प्रतिसाद मोठ्याने वाचले. आता इथवर आलोय.

हात लावण्यासाठी वेगळा माग. माझ्याकडे टेबलावर ठेवायचा छोटा माग आहे, त्यावर जाड दुपदरी सुताचा ताणा चढवणार. १६ इंच पन्हा, इंचाला १० धागे, म्हणजे १६०च. एखादा तुटला तरी पाच मिनिटांत सांधता येतो. येणाऱ्याने आवडीच्या रंगाची कांडी निवडायची आणि चार आडवे धागे विणायचे. चारच, पण स्वतः. पहिला टाकायच्या आधी ताण्याच्या दोन थरांत बोट घालून बघायचं, धोटा जातो ती वाट बोटाला कळायला हवी. फोटो त्यानंतर. मुलीबद्दल लिहिणाऱ्या ताई, हे तुमच्यामुळे सुचलं. दोन दिवसांत जी पट्टी विणून होईल ती तशीच ठेवू, कापणार नाही.

मोठा मागही चालू राहील. मी विणेन आणि बोलतील बाबा. ते ८४ वर्षांचे आहेत. त्यांना विचारलं तेव्हा आधी नाहीच म्हणाले, "हातमागातलं मला काय कळतं, आम्ही चार-चार साचे एकदम बघायचो." मग उठून मागाशी आले, विणलेल्या कापडाच्या खालून हात फिरवला आणि एका जागी बोट थांबवून म्हणाले, "इथे धागा सुटलाय." चार बोटं मागे खरंच सुटला होता, मला दिसला नव्हता. येवल्याच्या ताई म्हणाल्या तसं उलटून दाखवायला माझ्याकडे पैठणी नाही, पण ही चुकलेली जागा आहे. तीच उलटून दाखवू.

ताणा काढायचं काम गिरगावात दाखवायचं. मैत्रिणीच्या चाळीची गॅलरी लांबलचक आहे, तिथे ती एरवीही सूत पसरते आणि पोरं त्यावरून उड्या मारतात. तिच्याकडे येणाऱ्यांना आधी गावदेवीला मणिभवन बघून यायला सांगणार आहोत. गांधीजी १९१७ ते १९३४ मध्ये मुंबईत आले की तिथे उतरत. रस्त्याने जाणाऱ्या पिंजाऱ्याकडून ते कापूस पिंजायला शिकले, तेही तिथेच. तिथला चरखा बघून गिरगावात आलं की सुतापासून ताण्यापर्यंतचा क्रम आपोआप लागतो.

मुलुंडची जागा फक्त शनिवारी, रविवारच्या लोकलच्या मेगाब्लॉकच्या भरवशावर माणसं बोलवायला नकोत. एका वेळी आठ जण, अर्धा तास, आधी नाव नोंदवून. प्रवेश फुकट. चार धागे विणायचेही पैसे नाहीत, यावर मी अडून बसले आणि बाकीच्या तिघींनी ऐकलं. कमिटीला अर्ज दिला. खालच्या घरच्या काकू काल येऊन माग बघून गेल्या आणि सांगत होत्या की दुपारी दोन ते चार तेवढं ठोकू नका, बाकी चालेल. दोन ते चार बंद.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडेही जाऊन आले. दिवाळीबद्दल माफी मागितली. त्यांना तो प्रसंग आठवतच नव्हता, किंवा तसं म्हणाल्या. दोन दिवस माझ्याकडे बसून कांड्या भराल का, असं विचारलं. लगेच काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "चरखा हाताचा आहे की पायाचा?" हाताचा आहे म्हटलं. "मग स्टूल उंच नको," म्हणाल्या.

तर आता दोन गोष्टींसाठी मदत हवी आहे. एक, साधारण फूटभर उंचीचं, पाठीला टेकायची सोय असलेलं बैठं आसन कुणाकडे दोन दिवसांसाठी मिळेल का? आजींच्या गुडघ्यांना पाट चालणार नाही. दोन, टेबलावरच्या मागासाठी रंगीत जाड सूत मुंबईत किलो-दोन किलोच्या हिशोबाने किरकोळ कुठे मिळतं? मी आजवर सोलापूरहून एकदम मागवत आले, पण आता वेळ कमी आहे. पाच-सहा रंग असले तरी पुरे, त्यात एक गडद लाल हवाच.