पुन: पुणे मेळावा, रोमन हॉलिडे: 'तू' की 'तुम्ही'? शुक्रवारपर्यंत सांगा

प्रेषक: श्रीरंग (मिसिसागा, कॅनडा)

मंडळी,

पुण्याच्या मेळाव्यात आई-बाबांना दाखवायच्या 'रोमन हॉलिडे'च्या मराठी सबटायटल्सची पहिली चाळीस मिनिटं झालीत आणि मी अडकलोय. हे मी ऑगस्टच्या मीटिंगमध्येच बोललो होतो, पण तेव्हा सगळे मोदकांच्या रांगेत होते.

इंग्रजीत अख्खा सिनेमा एका 'यू'वर निघतो. मराठीत दर ओळीला ठरवावं लागतं. रात्री रस्त्याकडेच्या कठड्यावर एक मुलगी झोपलीय. वार्ताहर जो ब्रॅडली पत्त्यांचा डाव हरून घरी चाललाय, ती कोण हे त्याला माहीत नाही. उठवताना काय म्हणेल? 'ऊठ', 'उठा', की 'अहो, ऐकलंत का'? दुसऱ्या दिवशी पेपरातल्या फोटोवरून ती राजकन्या असल्याचं त्याला कळतं, पण कळल्याचं दाखवायचं नसतं. तेव्हा काय? आणि शेवटी वार्ताहरांच्या रांगेत उभं राहून तिच्याशी बोलतो तेव्हा 'आपण', एवढं तरी नक्की ना?

हॉलवाल्या मुलाला फाइल शनिवारी हवीय. उत्तर फक्त या मुद्द्यावर द्या. वड्यांचा धागा वेगळा आहे.

श्रीरंग

---

प्रेषक: सुलभाताई

श्रीरंग, 'तुम्ही'. यात अडकण्यासारखं काय आहे? रात्री एकटी दिसलेली अनोळखी मुलगी, तिला कुठला घरंदाज माणूस 'ऊठ' म्हणेल? आपल्यासमोर सगळ्यांचे आई-बाबा बसणार आहेत, ऐंशीच्या घरातले.

गेल्या वर्षीच्या नाटुकल्याचं मराठी मी तपासलं होतं, तेव्हा असे प्रश्न आले नव्हते. यंदा फाइल माझ्याकडे आलीच नाही. असो.

---

प्रेषक: मृण्मयी

सुलभामावशी, तो घरंदाज वगैरे नाहीये! दोन महिन्यांचं भाडं थकवलंय, संपादकाचे पैसे देणं आहे, आणि सकाळी मुलाखत चुकवून 'घेतली' म्हणून थापा मारतो. असा माणूस 'तू'च म्हणणार. आम्ही फर्ग्युसनला पहिल्या दिवशी पहिल्या वाक्याला 'तू' म्हणायचो. जो मुलगा 'तुम्ही' म्हणायचा त्याच्याकडेच सगळ्या संशयाने बघायच्या.

---

प्रेषक: नानाकाका (कर्वेनगर)

> रात्री एकटी दिसलेली अनोळखी मुलगी

ही मुलगी टॅक्सीत बसून पत्ता काय सांगते, तर कोलोसियम. आपल्याकडे कोणी रिक्षात बसून 'शनिवारवाड्यात राहते' म्हणाली, तर रिक्षावाला तू-तुम्हीचा विचार करत बसणार नाही, हाफ रिटर्न मागेल.

हॉल मी काल पाहून आलो. मागच्या वेळच्या प्रोजेक्टर प्रकरणानंतर मी स्वतः उभा राहिल्याशिवाय कोणी वायर लावायची नाही, हे आधीच सांगून ठेवलंय. श्रीरंग, अक्षरं पिवळी ठेव. सिनेमा काळा-पांढरा आहे आणि हिरोचा शर्ट पांढरा. खुर्च्या १२० आहेत, पैकी चार डुगडुगतात, त्या शेवटच्या रांगेत टाकल्यात. मुलांनी बसावं.

---

प्रेषक: अविनाश

नाना, काळा-पांढरा? आमच्या बाबांना रंगीत आहे असं सांगितलंय.

बाय द वे, हा म्हणजे आपला 'चोरी चोरी'च ना? मग तोच दाखवूया की. सबटायटलचा प्रश्नच मिटला.

---

प्रेषक: प्रशांत (खजिनदार)

अविनाश, नाही. 'चोरी चोरी' १९५६चा, राज कपूर-नर्गिस. तो बेतलाय 'इट हॅपन्ड वन नाइट'वर, जो १९३४चा. पळून आलेली बड्या घरची मुलगी आणि बातमीमागे लागलेला वार्ताहर दोन्हीकडे आहेत, म्हणून सगळ्यांची गल्लत होते. 'रोमन हॉलिडे' १९५३चा.

हे साल महत्त्वाचं आहे, कारण परवान्याबद्दल मला अजून फोन येतात. मिसिसागात दाखवायचा असता तर रीतसर परवाना काढावा लागला असता. भारतात सिनेमावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे २०१३ संपलं तेव्हा संपला. जपानात तर याच सिनेमाच्या स्वस्त डीव्हीडींवरून निर्माती कंपनी पॅरामाउंट कोर्टात गेली होती आणि २००६ साली टोकियोच्या कोर्टात हरली. तेव्हा पुण्यात दाखवणं हा काटकसरीचाही निर्णय आहे, फक्त 'आई-बाबांची सोय' नाही. वार्षिक सभेत हे कोणी लक्षात ठेवेल अशी आशा.

---

प्रेषक: विवेक

कृपया मला या धाग्यातून काढा. दिवसाला वीस मेल येतायत.

---

प्रेषक: जयश्रीवहिनी

श्रीरंगभावजी, तुम्ही सगळे जो काय म्हणेल तेच धरून बसलात. ती काय म्हणेल?

माझं माहेर कोल्हापूरचं, आजोबा संस्थानात कारकून. राजघराण्यातलं माणूस स्वतःला 'आम्ही' म्हणतं, एवढं तर सगळ्यांना माहीत आहे. मग ही झोपेच्या सुईच्या गुंगीत 'आम्हाला झोप आली आहे' म्हणाली की जोने तिथेच ओळखायला नको का? पण नाही ओळखणार, कारण त्याला वाटतंय तिला चढलीय. म्हणून रात्रभर 'आम्ही' चालेल, उलट मजाच येईल. सकाळी शुद्धीवर आल्यावर मात्र ती जपून 'मी' म्हणेल. आई-बाबांच्या पिढीला हे न सांगता कळेल.

आणि खोलीत आल्यावर ती त्याला चाकर समजून कपडे बदलायला मदत मागते, मग 'जायची परवानगी आहे' वगैरे सांगते. तिथे ती 'तू' म्हणणार. 'निघालास तरी चालेल.' म्हणजे पहिला 'तू' तिचा आहे! त्याचा नाही.

---

प्रेषक: मृण्मयी

वहिनी!!! हे भारी आहे. आणि पुढे ती त्याच्या प्रेमात पडते तेव्हाही 'तू'च राहील. शब्द एकच, अर्थ पार बदललेला.

---

प्रेषक: सुलभाताई

जयश्री म्हणते ते नोकराबद्दल ठीक. पण आमच्याकडे भांडी घासायला यायच्या त्यांनाही आई 'तुम्ही' म्हणायची. सगळीकडे कोल्हापूर नसतं.

आणि त्याच्या 'तू'बद्दल माझा मुद्दा तसाच आहे. सकाळनंतर त्याला ती कोण ते ठाऊक आहे. ठाऊक असताना 'तू' म्हणून सलगी दाखवणं, आणि मित्र सिगारेट लायटरमधल्या कॅमेऱ्याने तिचे फोटो काढतोय. ही फसवणूक आहे. हसायचं कसलं त्यात?

---

प्रेषक: अविनाश

वेष पालटलेला राजा म्हटलं की आमच्या बाबांना आग्र्याहून सुटकाच आठवते. त्यात कोणी हसत नाही. युरोपातले राजे मात्र हौसेने असं करायचे दिसतंय. रशियाचा पीटर द ग्रेट १६९७ साली हॉलंडला सुतारकाम शिकायला गेला, पीटर मिखाइलोव्ह नावाने. उंची साडेसहा फुटांच्या वर, आणि समजत होता कोणी ओळखत नाही.

---

प्रेषक: शैलाकाकू (मुक्काम सध्या मुलाकडे, बाणेर)

मी सहसा इथे लिहीत नाही, पण ह्या विषयात मला अनुभव आहे.

आमचं ठरलं १९७३ साली. पाहण्याचा कार्यक्रम झाला, होकार झाला, मग घरच्यांच्या परवानगीने दोनदा बाहेर गेलो. हे मला 'तुम्ही' म्हणायचे, मी ह्यांना काहीच म्हणत नसे, वाक्यंच तशी फिरवायची. 'चहा चालेल का', 'उशीर होईल का'. अशी महिनाभर निभावता येतात, कोणाला हवं तर शिकवीन.

ह्यांच्या थोरल्या भावाची व्हेस्पा होती. तरुण मंडळींना माहीत नसेल, आपल्या आकुर्डीच्या बजाजच्या कारखान्यात परवान्यावर व्हेस्पाच बनत असत. १९७१ साली तो करार संपला आणि मग तसल्याच अंगाची चेतक आली, जिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. तर दुसऱ्यांदा गेलो तेव्हा टिळक रोडवरून सारसबागेकडे वळताना खड्डा आला. मी एका बाजूला पाय सोडून बसलेली, नऊवारी नसली तरी पाचवारीच, एका हातात पर्स, दुसऱ्या हाताने पदर. हे मागे न बघता ओरडले, "घट्ट धर!"

'धरा' नाही. 'धर'.

मी धरलं. सारसबागेत गणपतीच्या पायऱ्या चढेपर्यंत दोघं गप्प. मग ह्यांनी परत 'तुम्ही भेळ घेणार का' असं विचारलं आणि मला हसूच आवरेना. त्या दिवसापासून 'तू'.

म्हणून श्रीरंग, तुझं उत्तर स्कूटरवर आहे. ती मुलगी हँडल हातात घेऊन गर्दीत, दुकानांत घुसवते ना, तिथे. जिवाची भीती असताना 'कृपया ब्रेक दाबा' कोणी म्हणत नाही. तोवर 'तुम्ही', तिथून 'तू'. आणि सुलभा, खड्डा आला तेव्हा माणूस फसवणूक करायच्या अवस्थेत नसतो.

---

प्रेषक: श्रीरंग

शैलाकाकू, दंडवत. हेच ठेवतो. रात्री जो 'तुम्ही' म्हणेल (सुलभाताई खूश), ती गुंगीत 'आम्ही' आणि 'तू' म्हणेल (वहिनी खूश), सकाळपासून दोघं 'तुम्ही', स्कूटरपासून दोघं 'तू'. शेवटच्या पत्रकार परिषदेत दोघं 'आपण'. तो प्रसंग मी रात्री बसून केला. काल नदीवरच्या तराफ्यावर दोघं नाचत होते, आज मध्ये दोरी आहे, सगळे वार्ताहर ऐकतायत. इंग्रजीत तिथे नुसत्या डोळ्यांवर काम चालतं. मराठीत 'आपल्याला भेटून आनंद झाला' टाइप करताना माझंच मला कसंतरी झालं.

---

प्रेषक: प्रशांत (खजिनदार)

पत्रक छापायला जातंय. पटकथाकाराचं नाव काय लिहू? नेटवर दोन सापडतात.

---

प्रेषक: मृण्मयी

डाल्टन ट्रम्बो लिही, बाकी काही नाही! तो तेव्हा हॉलिवूडच्या काळ्या यादीत होता, म्हणून कथेवर मित्राचं नाव लागलं, इयन मॅकलेलन हंटर. ऑस्करही हंटरच्याच नावाने दिलं गेलं. ट्रम्बो १९७६ला गेला, बाहुली १९९३ साली त्याच्या बायकोच्या हाती पडली, आणि लेखक संघटनेने पूर्ण श्रेय दिलं ते २०११मध्ये. राजकन्या एक दिवस नाव लपवून राहिली, लिहिणारा चाळीस वर्षं.

---

प्रेषक: सुलभाताई

हंटरचंही लिही प्रशांत. त्याने नाव दिलं नसतं तर सिनेमाच झाला नसता. आणि पत्रकाचा मजकूर छापण्याआधी मला पाठव.

---

प्रेषक: नानाकाका (कर्वेनगर)

फाइल आली. आज दुपारी हॉलवर लावून पाहिली. गोची आहे.

त्या मुलाच्या यंत्रावर जोडाक्षरं फुटतायत. 'तुम्ही'चा म मोडका दिसतो, खाली पाय तुटल्यासारखी रेघ, मग सुटा ही. 'आम्ही'चं तेच. 'राजकन्या' तर ओळखू येत नाही. 'तू' आणि 'आपण' मात्र स्वच्छ. मुलगा मला म्हणतो, "काका, सगळीकडे 'तू'च करून टाका ना, काय फरक पडतो." मी त्याला शैलाताईंची मेल वाचून दाखवली.

वड्यांची ऑर्डर ११०ची दिली आहे. चटणी कमी तिखट. यावर चर्चा नको.

---

प्रेषक: श्रीरंग

नाना, ते यंत्र देवनागरी नीट जुळवत नसणार. मी अक्षरं चित्रातच पक्की छापून नवी फाइल करतो, मग यंत्राने काही जुळवायचा प्रश्न नाही. पिवळीच ठेवलीत. आत्ता लावली, रात्रभर चालेल. सकाळी तुम्हाला लिंक. यानंतर एकही अक्षर बदलता येणार नाही, सबब हा विषय संपला. सगळ्यांचे आभार.

---

प्रेषक: नानाकाका (कर्वेनगर)

मिळाली. लावली. 'तुम्ही' अखंड आहे. पहिल्याच प्रसंगात राजकन्येचा बूट झग्याखाली निसटतो आणि ती पायाने चाचपते, तिथे तो मुलगा जो खुर्चीवर बसला तो उठलाच नाही. वायर मी लावली होती.

---

प्रेषक: विवेक

मला अजून कोणी काढलेलं नाही, त्यामुळे सगळं वाचावं लागलं. एक शंका. स्कूटरनंतर पोलीस चौकीत ते लग्नाला निघालोय असं खोटंच सांगतात ना? मग तिथे, निदान पोलिसांदेखत, तिने त्याला 'अहो' म्हणायला नको का?