बागेला न चुकता फवारा, मग बीपीच्या गोळीचीच टाळाटाळ का?

मेडिकलवाला, सिडको
बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे, म्हणून जरा तिखट लिहितो. काल नेहमीचे एक काका आले. चिठ्ठी महिन्याची. "३० नको रे, सातच दे. परवा मोजलं तर वरचं १३० आलं. आता पुरे." म्हटलं, काका, ते १३० गोळीमुळेच आलंय. हसले आणि कात्रीने कापलेल्या सात गोळ्या खिशात टाकून गेले. असे रोज चार-पाच तरी येतात. पैशाचं कारण सांगू नका, जेनेरिकमध्ये बीपीच्या अम्लोडिपीनची एक गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त पडते. आपले दिंडोरी-निफाडचे बागाईतदार द्राक्षावर डाऊनी रोग दिसायच्या आधीच फवारतात, पाऊस झाला तर रात्रीसुद्धा ट्रॅक्टर काढतात. स्वतःसाठी रोज एक गोळी मात्र जड! मी तर याला बेफिकिरीच म्हणतो. पटत नसेल तर बोला.

बागाईतदार, मोहाडी
नाही पटत. फवारा चुकला की काही दिवसांत पानावर तेलकट डाग दिसतात, आणि बांधापलीकडे शेजाऱ्याचा प्लॉट हिरवागार असतो. गोळी चुकली तर काय दिसतं? काही नाही. घेतली तरी काही नाही. न आलेला झटका मोजायचा कसा? मला दिसली ती सूज. संध्याकाळी चपलेचा पट्टा घोट्याशी रुतायचा. डॉक्टरांकडे तीन मिनिटं मिळतात, त्यातलं एक दंडाला पट्टा बांधण्यात जातं. सुजेचं कोणी बोललंच नव्हतं. बंद केली गोळी.

निवृत्त प्राध्यापक, कॉलेज रोड
अहो, जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच लिहून ठेवलंय की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे साधारण निम्मेच रुग्ण औषध नीट घेतात. त्यामुळे एकट्या नाशिकला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण दुष्परिणामांचं म्हणाल तर बराच खेळ मनाचा असतो. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी त्रास होतो म्हणून सोडलेल्या ६० जणांवर लंडनला प्रयोग झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब तशीच खोटी, काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास जाणवला, त्याच्या जवळपास ९० टक्के खोटीवरही जाणवला! मोहाडीकर, रागावू नका, पण तुमची सूजही तपासून बघा.

बागाईतदार, मोहाडी
सर, चपलेला मन नसतं.

इंदिरानगरची सून
सासूबाईंची डबी मी भरते, म्हणून सांगते. एकादशी, चतुर्थी, सोमवार. उपास म्हटला की "रिकाम्या पोटी गोळी उष्ण पडते". महिन्यातले सात-आठ दिवस असेच जातात. पौषवारीला दिंडीबरोबर त्र्यंबकला पायी गेल्या तेव्हा बीपीची लघवी वाढवणारी गोळी मुद्दाम घरी ठेवली. वाटेत बायकांनी जायचं कुठे, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं ना! बेफिकिरी कसली, चोख हिशेब होता त्यांचा. मी चिडले होते, मग दुसऱ्याच दिवशी कळलं की माझी थायरॉइडची गोळी चार दिवस राहिलीय. असो.

पंचवटीकर
उलट बाजू मांडतो. गोळी सोडणारा प्रत्येक जण चुकतोच का? वडिलांना हृदयाचा कसलाही त्रास नाही, तरी खबरदारी म्हणून दहा वर्षं ॲस्पिरिन चालू होती. २०१८ मध्ये अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या १९ हजारांवर निरोगी वृद्धांचा अभ्यास आला. रोजच्या ॲस्पिरिनने झटके काही फारसे कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला. डॉक्टरांना विचारलं, त्यांनीच थांबवली. "ही गोळी अजून लागते का" असं विचारणाऱ्यालाही तुम्ही बेफिकीर म्हणणार?

मेडिकलवाला, सिडको
विचारणाऱ्याला कधीच नाही. विचारतच नाहीत, हेच तर दुखणं आहे. आणि पंचवटीकर, ज्याला झटका येऊन गेलाय किंवा स्टेंट बसवलाय त्याने तुमचं वाचून ॲस्पिरिन बंद केली तर जिवावर बेतेल, हेही लिहा की. सर, लंडनचा प्रयोग स्टॅटिनचा होता. अम्लोडिपीनने घोटा सुजतो तो खरोखर सुजतो, त्यात मनाचा संबंध नाही. डोस कमी केला किंवा गोळी बदलली की बहुतेकदा उतरतो. तेव्हा मोहाडीकर, 'बेफिकिरी' या शब्दापुरती माघार. पण परस्पर बंद करणं चूकच, बीपी तुम्हाला न सांगता चढतं. या आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवा. गोळीचं नाव काय होतं?

बागाईतदार, मोहाडी
शेवटचा तुकडा पाकिटात आहे, दोन गोळ्या. मीही सात-सातच घ्यायचो. दुकानदाराने कात्री अशी चालवलीय की नावातलं नुसतं 'एएम' उरलंय, आणि अर्धी तारीख.